खंडेनवमीला ठेवलेले बूट

आबा,

तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. एवढ्या काळात तुम्हाला लिहावं असं मला एकदाही वाटलं नाही. गेलेल्या माणसांना पत्रं लिहिणाऱ्या बायकांबद्दल माझं मत फार चांगलं नाही. आज लिहायला बसले ती आठवण दाटून आली म्हणून नव्हे, राग आला म्हणून. दोन माणसांनी मला फसवलं. त्यातला एक ओमानला आहे, त्याला फोनवर चार शब्द सुनावता येतात, सुनावलेही. दुसरे तुम्ही. तुम्हाला सुनावायचं तर कागदाशिवाय सोय नाही.

क्रमाने सांगते, म्हणजे माझाच गोंधळ होणार नाही. आपला फुटबॉल क्लब चालू आहे. तुमचं जिनिंग केव्हाच बंद पडलं. ज्या आवारात तुम्ही कापसाच्या गाड्यांची वजनं करायचात तिथे आता मोबाईलची आणि चपलांची दुकानं आहेत. मैदान मात्र आहे. दर रविवारी चुन्याच्या रेघा मी स्वतः आखते, मी बी.एस्सी. झाले तेव्हा तुम्ही दिलेल्या त्याच कापडी टेपने मोजून. माझ्या वर्गातल्या इतर मुलींना घड्याळं मिळाली होती आणि मला चामडी डब्यातली पन्नास मीटरची टेप. आता गुडघे कुरकुर करतात, पण रेघ वाकडी येत नाही. शाळेतून गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. क्लबची मुलं मला अक्का म्हणतात आणि घाबरतात. दोन्ही ठीक आहे.

तुम्ही ज्या जागेवर खेळलात, गोलकीपरच्या पुढे, बचावाच्या मधोमध, तिथे गेली पाच वर्षं एकच मुलगा उभा होता. आला तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याच्या वडिलांचं गाद्यांचं दुकान आहे, पिंजारी माणसं, कापूस पिंजतात आणि गाद्या भरतात. पहिल्या दिवशी वडील त्याला घेऊन आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापूस बसलेला होता, तुमच्या बसायचा तसा. त्या मुलाला मी का घेतलं याचं खरं कारण बहुतेक ते असावं, कारण तेव्हा त्याला चेंडू धड थांबवताही येत नव्हता. मी त्याला थांबायला शिकवलं. समोरचा पळत आला की पोरं त्याच्या अंगावर धावून जातात. हा जायचा नाही. दोन पावलं मागे सरून वाट बघायचा, आणि समोरच्याने चेंडू पायापासून जरा लांब टाकला की अलगद काढून घ्यायचा. उशिरा यायची खोड होती. एकदा विचारलं तर म्हणाला, “अक्का, गिऱ्हाईक गादी तपासायला आडवं झालं ते घोरायलाच लागलं. पप्पा म्हणाले, उठवू नको, आता घेईलच.” मला हसू आलं, तरी मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्याच.

रावेरला एक सामना होता. मैदानाला लागून केळीचे ट्रक उभे, त्यांच्या टपांवर बसून माणसं बघत होती. पहिल्या अर्ध्या तासातच त्याचा घोटा मुरगळला. मी बाहेर ये म्हणून हात केला, तो आला नाही. वरून कोणीतरी ओरडलं, “ए गादीवाल्या, थकला असशील तर झोप ना जरा.” त्याने वर न बघता उत्तर दिलं, “तुमचा नऊ नंबर झोपलाय आधीच, त्याला उठवा.” ट्रकवरची माणसंसुद्धा हसली. एक तास तो त्या घोट्यावर उभा राहिला आणि नऊ नंबरला त्याने एकदाही पुढे जाऊ दिलं नाही. परतताना गाडीत त्याचा पाय माझ्या पिशवीवर ठेवून मी मनात म्हटलं होतं, आबांनी याला बघायला हवं होतं. हे वाक्य आता मला वेगळ्या अर्थाने खरं वाटतं, पण ते पुढे येईल.

तुमची खंडेनवमीची पद्धत मी जशीच्या तशी चालवली आहे. जिनिंगमध्ये काटा आणि वजनं पूजेला मांडायचे तेव्हा तुम्ही शेजारी फुटबॉल आणि सगळ्यांचे बूट मांडलेत, आणि कोणी म्हणालं, पायताणांची कसली पूजा, तेव्हा तुम्ही म्हणालात, ज्याचं ज्याने चालतं ते त्याने पुजावं. नियमही तुमचाच. नवमीला बूट ठेवले, दसऱ्याला उचलले, की तो खेळाडू पुढच्या दसऱ्यापर्यंत क्लबचा. सही नाही, शपथ नाही. ज्याला जायचं असेल त्याने बूट ठेवायचे नाहीत, बस. आणि ज्याने ठेवले त्याला वर्षभर कोणी विचारायचं नाही की बाबा, तू राहणार आहेस ना. विचारणं म्हणजे अपमान. बूट कोणत्या धर्माचे हेही तुम्ही कधी बघितलं नाहीत. गादीवाले तर दरवर्षी खाली अंथरायला कोरी पांढरी चादर पाठवतात. यंदाही पाठवली. यंदाही तो आला, बूट घासूनपुसून आणले होते, चादरीवर उजवीकडून तिसरे ठेवले, बाजूला हात बांधून उभा राहिला, प्रसादाचा पेढा खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बूट उचलून मला वाकून म्हणाला, “येतो अक्का.” तेव्हा त्याच्या मोबाईलमध्ये ओमानचा व्हिसा होता. गणपतीपासून सगळं ठरलेलं होतं. त्याचा मामा मस्कतला एसी दुरुस्तीचं काम करतो, त्याने कोणाला तरी याचे व्हिडिओ दाखवले आणि तिथल्या एका क्लबने चाचणीला बोलावलं.

मला कळलं ते दिवाळीनंतर. धुळ्याच्या स्पर्धेला निघायचं होतं, सकाळी सात वाजता गाडी मैदानाशी उभी, सोळाजण आले आणि हा नाही. फोन बंद. आपले अध्यक्ष शेठ, कापड दुकानवाले, घड्याळ बघत होते. मी म्हटलं, दहा मिनिटं थांबू, उशीर करायची सवय आहे त्याला. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “अक्का, तो दुबईला गेला असेल.” दुसरा लगेच म्हणाला, “दुबई नाही रे, ओमान.” मी विचारलं, कोणाकोणाला माहीत होतं. गोलकीपरने बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली. बाकीच्यांनी खिडकीबाहेर बघितलं, जणू त्या रिकाम्या मैदानावर काही चाललं होतं. सगळ्यांना माहीत होतं, आबा. शेठ तेवढे माझ्याइतकेच अडाणी निघाले. म्हणाले, “मॅडम, कडेचं नेलं असतं तर चाललं असतं. पोराने ताग्याच्या मधूनच कापून नेलं.” धुळ्याला त्याच्या जागी मी डाव्या बाजूचा मुलगा उभा केला, त्याला हेडिंगची भीती वाटते. चार गोल बसले, तीन मधूनच.

मला राग जाण्याचा नव्हता, हे मी स्वतःला अनेकदा तपासून विचारलं आहे. बावीस वर्षांचा मुलगा, त्याला आपण कुठपर्यंत पोचतो हे बघावंसं वाटलं, यात गैर काही नाही. बूट ठेवले नसते तर मी रागावले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि तिसऱ्या दिवशी त्याला तिथल्या गरमीत पाणी किती प्यायचं हे लिहून दिलं असतं. त्याने बूट ठेवले. माझ्यासमोर, पांढऱ्या चादरीवर, तोंडात पेढा घेऊन खोटं ठेवलं.

आठवड्याने त्याची आई आली. क्लबची जर्सी धुऊन, इस्त्री करून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. उंबऱ्याच्या आत येऊन उभीच राहिली. “मॅडम, तो शरमला, म्हणून आला नाही. तुमच्यापुढं उभं राहायची हिंमत नाही झाली त्याची.” मी जर्सी घेतली. तिला बस म्हटलं नाही, चहा विचारला नाही. कोणाकडून शिकले हे, ते तुम्हाला माहीत आहे. मी चौदा वर्षांची असताना आपला राइट विंगर पोलिसांच्या टीममध्ये गेला आणि पाया पडायला घरी आला. तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर आला नाहीत. मी त्याला चहा नेऊन दिला. तो गेल्यावर तुम्ही मला समोर उभं केलंत आणि आवाज न चढवता म्हणालात, “पाहुण्याला चहा द्यायचा. सोडून गेलेल्याला नाही.” आई म्हणाली, अहो, लहान आहे ती. तुम्ही म्हणालात, म्हणूनच आत्ता सांगतोय. पन्नास वर्षांनी त्या बाईसमोर मी तुमचं ते वाक्य पाळलं. तिने तर कोणाला सोडलंही नव्हतं.

महिन्याभराने त्याचा फोन आला, व्हिडिओवाला. मागे पांढरी भिंत आणि एक पंखा. वाळला होता. म्हणाला, “अक्का, मला घेतलं त्यांनी. दुसऱ्या डिव्हिजनचा क्लब आहे, पण घेतलं.” मी म्हटलं, अभिनंदन. तो म्हणाला, “एक काम होतं.” काम असं, की संघटनेच्या ऑनलाइन नोंदणीत त्याचं नाव आपल्या क्लबकडे आहे. तिथल्या क्लबने मागणी पाठवली आहे. आपण मंजूर म्हटल्याशिवाय तो तिथे एकही सामना खेळू शकत नाही, आणि त्यांची नोंदणी ठरलेल्या दिवशी बंद होते. आपल्याकडून मंजुरी देणारी मी. पासवर्ड माझ्याकडे, आणि त्यावर येणारा आकडा माझ्याच मोबाईलवर येतो.

मी त्याला म्हटलं, “नवमीला बूट कशाला ठेवलेस?”

तो म्हणाला, “नसते ठेवले तर तुम्ही विचारलं असतं. तुम्ही विचारलं असतं तर मला खोटं बोलता आलं नसतं. बूट ठेवले की कोणी विचारत नाही, अक्का.”

“म्हणजे माझ्या नियमाचा फायदा घेतलास.”

“तुमचा नियम नाही ना तो, आबांचा आहे.” मग म्हणाला, “आणि आबा पण गेले होतेच की. मुंबईला.”

मी म्हटलं, आबांना बोलावलं होतं, ते गेले नव्हते. तो खुर्चीत जरा मागे सरला. त्याचं ते मागे सरणं मी ओळखते, समोरचा चुकतोय हे दिसल्यावर मैदानावर तो तेच करायचा. मी विचारलं, कोणी सांगितलं तुला. तो म्हणाला, “जाऊ द्या अक्का. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. धुळ्याचे बाबा सांगत होते, गेल्या वर्षी.”

धुळ्याचे बाबा म्हणजे तुमचे गोलकीपर. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत, कानाने कमी, बाकी ठीक. त्यांच्याबद्दल आपल्या घरात एकच गोष्ट सांगितली जायची, की माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी धुळ्याच्या फायनलमध्ये आपण पाच गोल खाल्ले, कारण गोलकीपर ढिला पडला. तुम्ही ती गोष्ट दर स्पर्धेआधी पोरांना सांगायचात. मीही सांगत आले. मी दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने धुळ्याला गेले. पारोळ्यापर्यंत मी ठरवत होते की म्हाताऱ्याला काय बोलायचं, आणि पारोळ्याच्या पुढे मला भीती वाटू लागली की तो काय बोलेल.

ते अंगणात उन्हाला बसले होते, पायांवर सुनेची शाल. मी ओळख सांगितली तशी अहिराणीत म्हणाले, “ओळखस व माय. तुना बापनं नाक शे तुले.” मी आडवळण न घेता विचारलं, आबा मुंबईला गेले होते का. ते मोठ्याने म्हणाले, “गया व्हता ना. दीड महिना राह्यना. घर सांगं, जिनिंगना कामले सुरतले जास.” मी विचारलं, मग परत का आले. “त्यास्नी लिधं नही त्याले. तीन म्याच खेळाडनात नि परत धाडी दिधं.” तुम्हाला घेतलंच नव्हतं. आणि धुळ्याची फायनल? म्हातारा हसला, दात नव्हतेच. “तो व्हताच नही मैदानवर. मी एकलाच व्हतू. पाच गोल एकला माणूस नही ते काय करी?” मी म्हटलं, तुम्ही कधी सांगितलं नाहीत. ते म्हणाले, “हात जोडात त्यानी मनापुढे. म्हने, घर सांगू नको. नही सांगं. पन बठ्ठासले माहीत व्हतं. तुले कोन सांगी? तू त्यानी पोर.” बठ्ठासले, म्हणजे सगळ्यांना.

म्हणजे तुम्ही त्यांना हात जोडलेत. आणि नंतर चाळीस वर्षं पोरांपुढे त्यांनाच ढिला म्हणालात.

मी उठताना त्यांनी माझा हात धरून ठेवला. गादीवाल्याच्या पोराला जा म्हणून आपणच सांगितलं, हेही त्यांनी सांगितलं. “मी म्हनं, जाय. तुना क्लबना मालकबी गया व्हता. लिधं नही ते परत यी, काय व्हस त्यामा.” त्यांना त्यात काही लपवण्यासारखं वाटत नव्हतं. माणूस गेला, घेतलं नाही, परत आला. ते इतकं साधं होतं, आबा. तुम्ही ते साधं राहू दिलं नाहीत.

येताना बसमध्ये मी हिशेब जुळवला. परत आलात त्याच वर्षी तुम्ही नवमीला बूट मांडायची पद्धत सुरू केलीत. सगळ्यात आधी स्वतःचे ठेवलेत. आतापर्यंत मला त्याचा अभिमान होता. आता वाटतं, बूट ठेवले की कोणी विचारत नाही, हे त्या पोराला बाविसाव्या वर्षी कळलं, तसं तुम्हालाही तेव्हाच कळलं असेल. तुम्ही त्याला बघायला हवं होतं ते या अर्थाने, तुम्ही स्वतःलाच ओळखलं असतंत.

आणि मग ते स्वयंपाकघर. हे लिहायलाच मी बसले आहे, बाकी सगळं त्याच्या आधीचं. मला पुण्याचं पत्र आलं होतं. आमच्या कॉलेजच्या बाईंनी शब्द टाकला होता, तिथे गणिताची जागा होती, नोकरी करून पुढे एम.एस्सी.ही करता आली असती. दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. आई गेल्याला वर्षही झालं नव्हतं. मी चुलीवर वांगी भाजत होते, तुम्ही जिनिंगमधून आलात, हातपाय धुऊन पाटावर बसलात. मी पत्र वाचून दाखवलं. तुम्ही नको म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर मी भांडले असते आणि गेले असते, मला तेवढी ओळख आहे माझी. तुम्ही वांग्याची साल सोलत म्हणालात, “जा ना. संधी आहे. मलाही आली होती. मुंबईच्या मोठ्या कंपनीची टीम, पत्र होतं घरी. मी परत पाठवलं. पोरं मैदानावर उभी होती, त्यांना काय सांगणार.” आणि मग मीठ मागितलंत. पुन्हा त्या विषयावर तुम्ही बोलला नाहीत. रात्रभर विचार करावा इतकंही ते अवघड नव्हतं. बापाने मुंबई सोडली, मुलीने पुणं सोडलं. दुसऱ्या दिवशी मी नकाराचं पत्र लिहिलं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मी फार उंच झाल्यासारखी चालत होते. पुढे तुमचं आजारपण आलं, मग क्लब माझ्याकडे आला. लग्न केलं नाही त्याचं खापर मी तुमच्यावर फोडत नाही, ते प्रकरण निराळं. पण पुणं तुमचं आहे.

तुम्ही म्हणू शकला असतात, मी गेलो होतो, मला घेतलं नाही, फार लागलं ते, तू जाऊन बघ. किंवा, मी गेलो होतो, तू जाऊ नको, मला एकट्याला इथे करमणार नाही. दोन्हींतलं काहीही मी ऐकून घेतलं असतं. दुसरं म्हणाला असतात तर बहुधा राहिलेही असते. तुम्ही मला घडलेलीच नाही अशी गोष्ट दिलीत आणि मी तिच्यावर त्रेचाळीस वर्षं उभी राहिले. पोरांना त्याच गोष्टीने धरून ठेवलं. किती जणांना, ते आता मोजत नाही. त्यांतले निम्मे ती खोटी आहे हे माहीत असून मान डोलावत ऐकत होते. अक्काला वाईट वाटू नये म्हणून. हे मला सगळ्यांत जास्त झोंबतं. मी कडक आहे अशी माझी समजूत होती, आणि गावभर माझ्यावर दया चालली होती.

आता राहिली त्याची मंजुरी. मागणी येऊन अकरा दिवस झाले होते. रोज सकाळी चहा झाला की मी साइट उघडायचे. पासवर्ड, मग मोबाईलवर येणारा आकडा, मग त्याचा फोटो यायचा, दाढी करून, केस ओले करून काढलेला. खाली दोन चौकोन, मंजूर आणि नामंजूर. मी दोन्हीला हात न लावता बंद करायचे. शेठ विचारायचे, “मॅडम, झालं का त्याचं? जाऊ द्या, दिलं नाही तर म्हणतील जळगाववाले कोते.” मी म्हणायचे, साइट बंद आहे. ते म्हणायचे, या साइटी अशाच. त्याची आई रोज संध्याकाळी फोन करायची. सुरू झाली का, मॅडम? नाही झाली. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ती पुढे एक वाक्य जोडू लागली, “तुम्ही बघताय म्हणजे होईल.” कालही तेच म्हणाली. नोंदणी उद्या बंद होणार होती. एक दिवस अजून बसून राहिले असते तर पुरलं असतं. नामंजूर म्हणायचीही गरज पडली नसती. तो परत आला असता, खाली मान घालून, पुढच्या नवमीला त्याने बूट ठेवले असते, आणि मी त्याला समजावलं असतं की बघ, नशिबात नव्हतं, साइटच बंद होती. त्याने मान डोलावून ऐकलं असतं. आणि माझ्या वयाचा झाल्यावर एखाद्या म्हाताऱ्याच्या अंगणात जाऊन त्याने विचारलं असतं, अक्काची साइट खरंच बंद होती का.

आज सकाळी साडेनऊला मी मंजूर केलं. माफ केलं असं समजू नका, त्यालाही आणि तुम्हालाही. त्याला मी फोनवर स्पष्ट सांगितलं, परत आलास तर या मैदानावर पाहुणा म्हणून ये, बूट घेऊन येऊ नको. तो हो म्हणाला. बहुतेक रडत होता, पण मी या वेळी व्हिडिओ लावला नव्हता. मग त्याच्या आईला फोन करून सांगितलं, आज साइट सुरू झाली, काम झालं. तिने इतके आशीर्वाद दिले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

धुळ्याच्या बाबांना ढिला म्हणणं आजपासून बंद. पोरांना काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही. तुमच्याविषयी त्यांना नवं काही सांगायला नकोच, त्यांना माहीत आहे.

साइट अकरा दिवसांत एकदाही बंद नव्हती, आबा. हे त्याच्या आईला सांगितलेलं नाही, शेठनाही नाही, आणि सांगेन असं वाटत नाही. तुम्हाला लिहिलं, कारण हे पत्र कुठेच जाणार नाही.